टोटल काउंट सारखा, मग धोका वेगळा कसा?

प्रश्न : मी बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. केमोथेरपी घेतलेल्या दोन प्रौढ रुग्णांचा टोटल काउंट, म्हणजे रक्तातील पांढऱ्या पेशींची एकूण संख्या, २,४०० असाच आला. पहिल्याचे न्यूट्रोफिल (पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ६५ टक्के होते. दुसऱ्याचे १५ टक्के आणि बँड (अपक्व न्यूट्रोफिल) ३ टक्के. सिस्टरांनी संसर्गाची विशेष काळजी दुसऱ्याचीच घ्यायला सांगितली. असे का? त्याला ताप नसेल, तर निश्चिंत राहावे का?
– एक विद्यार्थिनी, नाशिक

उत्तर : प्रौढांच्या एक घनमिलिमीटर रक्तात साधारण ४,००० ते ११,००० पांढऱ्या पेशी असतात, म्हणजे दोन्ही रुग्णांचा काउंट कमीच आहे. परंतु जिवाणूंना प्रथम तोंड देतात ते न्यूट्रोफिल, म्हणून त्यांची प्रत्यक्ष संख्या काढावी लागते. न्यूट्रोफिल आणि बँड यांच्या टक्केवारीची बेरीज करून त्या बेरजेने टोटल काउंटला गुणावे व शंभराने भागावे. पहिल्या रुग्णाची संख्या १,५६० येते, दुसऱ्याची अवघी ४३२. १,५०० च्या खाली न्यूट्रोपेनिया (न्यूट्रोफिलची कमतरता) आणि ५०० च्या खाली तो तीव्र मानतात. सिस्टरांनी हीच संख्या पाहिली असणार.

ताप नाही म्हणून मात्र मुळीच निश्चिंत राहू नका. पू होण्यासाठी, जखम लाल होऊन सुजण्यासाठीही न्यूट्रोफिलच लागतात. ते नसताना आयव्ही लाइनची जागा स्वच्छ दिसूनही संसर्ग रक्तात पोहोचलेला असू शकतो. वृद्धांमध्ये किंवा स्टेरॉइड चालू असताना ताप दबलेला राहतो, त्यामुळे हुडहुडी, वाढलेली नाडी, उतरलेला रक्तदाब, नव्याने आलेला गोंधळ यांकडे तितकेच बारकाईने पाहावे. तापमान एकदाही ३८.३ अंश सेल्सिअस भरले किंवा तासभर ३८ वर टिकले, तर डॉक्टरांना तत्काळ कळवावे, कारण प्रतिजैविकाचा पहिला डोस तासाभरात जाणे अपेक्षित असते आणि त्याआधी ब्लड कल्चर (रक्तात जिवाणू आहेत का ते पाहणारी तपासणी) घ्यायचे असते. डॉक्टरांना न विचारता पॅरासिटामॉल देणे मला धोक्याचे वाटते. ताप उतरतो आणि इशाराच झाकला जातो. अशा रुग्णाचे तापमान गुदद्वारातून घेऊ नये, एनिमाही टाळावा.

अहवाल हाती आला की केमोथेरपीची तारीख आणि आधीचे काउंट शेजारी मांडून पाहा. बहुतेक औषधांनंतर ७ ते १४ दिवसांच्या दरम्यान पेशी सर्वांत कमी होतात, त्यामुळे पाचव्या दिवशीचे १,५६० आणि विसाव्या दिवशीचे १,५६० यांचा अर्थ सारखा नसतो; पहिल्या रुग्णाचा काउंट अजून उतरणार असेल, तर त्यालाही आजपासूनच जपावे लागेल.