‘क्लोजर’ म्हणजे नक्की काय मिटतं?

प्रश्न : ओळखीच्या एका गृहस्थांवर फसवणुकीचा गुन्हा होता. पोलिसांनी ‘क्लोजर रिपोर्ट’ दिला. म्हणजे ते निर्दोष सुटले का?

नाही. निर्दोष ठरवतं ते न्यायालय, तेही खटला चालल्यावर. या अहवालात पोलीस एवढंच कळवतात की खटला भरण्याजोगं प्रकरण उभं राहत नाही. महाराष्ट्रात याला ‘समरी’ म्हणतात, आणि तिचं अक्षर बघितल्याशिवाय बातमीचा अर्थच लागत नाही. ‘ए समरी’ म्हणजे गुन्हा घडला हे खरं, पण छडा लागला नाही. ‘बी’ म्हणजे तक्रारच जाणूनबुजून खोटी. ‘सी’ म्हणजे गैरसमजातून केलेली, किंवा मुळात दिवाणी वादाची. ‘ए’ आणि ‘बी’ यांत जमीन-अस्मानाचं अंतर, तरी मथळ्यात दोन्हीला ‘क्लोजर’च! हे मला फार खटकतं. त्यात माणसाची अब्रू गुंतलेली असते.

शिवाय हा अहवाल मॅजिस्ट्रेटवर बंधनकारक नसतो. ते पुढचा तपास करायला सांगू शकतात, थेट गुन्ह्याची दखलही घेऊ शकतात. अहवाल स्वीकारण्याआधी फिर्यादीला म्हणणं मांडायची संधी द्यावी, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्येच सांगितलं आहे. तेव्हा समरी कोणती, आणि कोर्टाने ती स्वीकारली का, हे आधी विचारा.

प्रश्न : गृहकर्ज ‘फोरक्लोज’ करतोय म्हटल्यावर अमेरिकेतला भाचा घाबरला. असं का?

तिकडे फोरक्लोजर म्हणजे हप्ते थकले म्हणून गहाण घरावर आलेली जप्ती. आपल्या बँका हाच शब्द मुदतीआधी सगळं कर्ज फेडण्याला वापरतात. भाच्याला ‘कर्ज फेडून टाकतोय’ एवढंच सांगा. आणि हो, खातं बंद झालं की घराची मूळ कागदपत्रं ३० दिवसांत परत मिळायला हवीत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

प्रश्न : लग्न मोडल्यावर मुलगी म्हणते, ‘मला त्याच्याकडून क्लोजर हवंय.’ तिला काय हवंय?

खरं कारण. एकदाचा सोक्षमोक्ष लागावा, असं तिला वाटतंय. तो बोलेलच असं नाही, तेव्हा तिने त्याच्या उत्तरावर अडून राहू नये.

प्रश्न : वडील २०२० मध्ये कोविडने गेले. शेवटचं बघताही आलं नाही. लोक म्हणतात, विधी करा, क्लोजर मिळेल.

विधी जरूर करा, तुमच्या मनाला पटत असेल तर. देह मिळाला नाही तर पालाशविधी, म्हणजे पळसाच्या पानांची प्रतिकृती करून अंत्यसंस्कार, करायची रीत आपल्याकडे आहेच; शेवटचं बघता न आलेल्या माणसासाठी काहीतरी करावंसं वाटतं, हे आपल्या लोकांना पूर्वीपासून ठाऊक होतं. पण त्याने दुःखाचं खातं बंद होईल, ही अपेक्षा ठेवू नका. व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या कुटुंबांबरोबर काम केलेल्या अमेरिकी अभ्यासक पॉलिन बॉस यांचंही हेच म्हणणं आहे : अशा दुःखाला क्लोजर नसतं, ते सोबत घेऊन जगायला माणूस शिकतो. ‘अजून क्लोजर नाही मिळालं का?’ असं कोणी विचारलं, तर ‘निरोप घ्यायचा राहिला’ एवढंच सांगा. इतक्या वर्षांनी रडू येण्यात तुमचं काहीही चुकत नाही.