आधी वही, मग टेम्पो

प्रिय पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. नदीकाठच्या वीटभट्टीवर सहा कुटुंबं उचलीपायी, म्हणजे आगाऊ घेतलेल्या पैशांपायी, अडकलीत, आणि बाजाराच्या रात्री त्यांना टेम्पोत बसवून काढायचं तुम्ही ठरवलंय. तुझी हिंमत मला ठाऊक आहे. तरी थोडं थांब.

वीस वर्षांपूर्वी मीही हेच केलं होतं. मेळघाटातलं एक जोडपं, दोन लेकरं. बंडीत कुटाराखाली लपवून फाट्यापर्यंत नेलं, पहाटेच्या एसटीत बसवलं. दिवाळीनंतर तेच कुटुंब त्याच भट्टीवर चिखल तुडवताना दिसलं. मुकादम गावी जाऊन घेऊन आला होता. "मालकाचे पैशे हायेत न गुरुजी आमच्यावर," एवढंच त्या लेकरांचा बाप बोलला. मी माणसं हलवली, कर्ज जागच्या जागी राहिलं. ते अजून टोचतं.

त्यानंतर मी अमेरिकेतल्या गुलामांना पळवून नेणाऱ्यांबद्दल मिळेल ते वाचलं. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अर्पण केली ती तिथल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना. गुलामीत जन्मलेली हॅरिएट टबमन १८४९ साली स्वतः मेरीलँडमधून निसटली आणि पुन्हा पुन्हा मागे गेली. सुमारे तेरा खेपा, सत्तरेक माणसं. ती बहुधा हिवाळ्यातल्या लांब रात्री निवडायची आणि शनिवारी निघायची, कारण फरारीची जाहिरात सोमवारच्या आत छापून येत नसे. त्या हिमतीमागे असा बारीक हिशेब होता.

पण मला जास्त जवळचा वाटतो तो फिलाडेल्फियातल्या गुलामीविरोधी संस्थेच्या कचेरीतला कारकून, विल्यम स्टिल. १८५० साली एक माणूस हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घेत त्याच्यापुढे बसला. आईबापाची नावं विचारता विचारता स्टिलच्या लक्षात आलं, हा आपलाच सख्खा भाऊ, आपल्या जन्माआधी गुलामीत मागे राहिलेला. तेव्हापासून तो येणाऱ्या प्रत्येकाची हकीकत नेटानं लिहू लागला: कुठून आला, मालक कोण, मागे कोण राहिलं. ताटातूट झालेल्यांना कधीतरी एकमेकांचा माग लागावा म्हणून. त्याच वर्षीच्या कायद्यानं पळालेल्याला आसरा देणाऱ्याला सहा महिने कैद आणि हजार डॉलर दंड ठेवला होता. असा कागद सापडणं म्हणजे घात. तरी त्यानं लिहिलं, लपवून ठेवलं आणि गुलामी संपल्यावर १८७२ साली छापलं.

त्यांच्याविरुद्ध कायदा होता. तुझ्या बाजूनं आहे. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानं असं कर्ज मुळातच रद्द होतं, आणि ते वेठबिगारीचं नाही हे सिद्ध करायचं ओझं मालकावर येतं. ठेवून घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. माझ्या त्या कुटुंबाजवळ मुक्तीचा सरकारी दाखला असता, तर मुकादमाला दारातून परत जावं लागलं असतं. दाखला मागायचा असतो हेच तेव्हा मला माहीत नव्हतं.

म्हणून टेम्पो राहू दे. बाजारात खर्ची घेऊन आलेल्या बायांशी बोल. उचल किती, कोणाच्या हातून, हजारी म्हणजे हजार विटांमागची मजुरी काय ठरली, गावी जाऊ देतात का, आजारपणात काय झालं, सगळं त्यांच्याच शब्दांत उतरव. मग उपविभागीय अधिकाऱ्याकडे किंवा थेट कलेक्टरकडे लेखी अर्ज, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नकोस. अर्ज कोणत्या दिवशी देणार, हे तुम्ही दोघी सोडून कोणाला कळू देऊ नका, सरपंचालाही नाही. दाखला हातात पडेपर्यंत कोणाला एसटीत बसवू नका.

लेकरांची नावं वयासकट लिही. भट्टीच्या हिशेबात बापाचंच नाव असतं, पण विटा पलटवायला पाच वर्षांचं पोरही असतं.

गुरुवारी मी येतो. दोनशे पानी वही घेऊन ठेव.

तुझे
गुरुजी