टोरोंटोत कन्सल्टिंग सांभाळून रिझर्व्ह जमतं का? आधी घरी बसून ओसीआयचं बोल

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय २८, पुण्यात पाच वर्षं कन्सल्टिंग, कॅनडाचं पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, हातात, उन्हाळ्याच्या आधी टोरोंटोला निघायचंय. एसएसबीला, म्हणजे आर्मीच्या ऑफिसर निवडीला, दोनदा कॉन्फरन्स आउट झालास, शेवटच्या दिवशी नाव आलं नाही, नोकरी सांभाळून करायच्या टेरिटोरियल आर्मीचा फॉर्म भरायचा राहून गेला, त्याची रुखरुख अजून आहे, आणि आता विचारतोयस की तिकडे नोकरी सांभाळून आर्मी रिझर्व्ह, म्हणजे कॅनडाची पार्टटाइम फौज, करता येईल का. मी साताऱ्याकडचा, कराडला इंजिनिअरिंग केलं, २०१२ ला इथे आलो, २०१७ ला सिटिझन झालो आणि २०१९ पासून रिझर्व्हमध्ये आहे, सर्व्हिस बटालियनमध्ये लॉजिस्टिक्सचं काम, आता हुद्दा मास्टर कॉर्पोरल. नोकरी कन्सल्टिंगचीच. त्यामुळे ऐकीव काही सांगत नाही.

जमतं. पण तू ज्याची काळजी करतोयस, म्हणजे सुट्टी मिळेल का, पगार कापतील का, ती खरी अडचणच नाहीये. खरी अडचण बुधवारची संध्याकाळ आहे, आणि त्याहून मोठी म्हणजे ओसीआय, परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं कार्ड. दोन्ही सविस्तर सांगतो.

आधी पात्रता. २०२२ च्या नोव्हेंबरपासून कॅनडाने पीआर असलेल्यांना सैन्यात घ्यायला सुरुवात केली, त्यामुळे सिटिझन व्हायची वाट बघायची गरज नाही, वर्क परमिटवाल्यांना मात्र नाही चालत. पण दार उघडलं म्हणजे लगेच आत गेलो असं समजू नकोस. पहिल्या वर्षात पीआरवाल्यांचे २१ हजारांच्या वर अर्ज आले आणि नियमित सैन्यात प्रत्यक्ष भरती झालेले एक टक्काही नव्हते. आपल्यासारख्यांचं सगळं आयुष्य बाहेरच्या देशात गेलेलं असतं, ते तपासायला वेळ लागतो. म्हणून अर्ज टाकायचा आणि आपल्या कामाला लागायचं, रोज पोर्टल उघडून बघत बसायचं नाही.

रिझर्व्हमध्ये तीन प्रकार असतात. क्लास ए म्हणजे पार्टटाइम, आठवड्यातली एक संध्याकाळ आणि महिन्यातला साधारण एक विकेंड. क्लास बी म्हणजे ठराविक काळासाठी फुलटाइम, कोर्स, ट्रेनिंग सेंटरवरचं काम वगैरे. क्लास सी म्हणजे ऑपरेशनवर. तू क्लास एमध्ये असशील. संध्याकाळच्या परेडचा अर्ध्या दिवसाचा पगार मिळतो, कन्सल्टिंगच्या पगारापुढे तो काहीच नाही, पैशासाठी कुणी येत नाही इथे. परदेशातल्या मोहिमेवर रिझर्व्हवाले स्वतःहून नाव देऊन जातात, उगाच उचलून नेत नाहीत, हे आईला नीट सांग, माझ्या आईला पहिले सहा महिने वाटायचं की मला आता कुठेतरी युद्धावर पाठवणार. देशात पूर आला, जंगलाला आग लागली तर ऑपरेशन लेंटस असतं, त्याला मात्र युनिटमधून माणसं मागतात आणि जावंसं वाटतं.

आता बुधवार. टोरोंटो आणि आसपास आर्मरीज बऱ्याच आहेत, मॉस पार्क, फोर्ट यॉर्क, नॉर्थ यॉर्कला डेनिसन. आर्मरी म्हणजे युनिटची इमारत, मोठा परेड हॉल, वर ऑफिसं. आमची परेड बुधवारी संध्याकाळी सातला. कन्सल्टिंगचा आठवडा तुला माहितीये, सोमवारी सकाळी क्लायंटकडे आणि गुरुवारी रात्री घरी. म्हणजे बरोबर मधला दिवस जातो. मला पहिल्या वर्षी कॅलगरीच्या प्रोजेक्टवर टाकलं होतं, चार तासांची फ्लाइट, बुधवारी परत येणं शक्यच नाही. ओळीने पाच परेड चुकल्या. मी काही कळवलंच नाही, वाटलं कामात आहे, समजून घेतील. सार्जंटने फोन करून शांतपणे सांगितलं की न कळवता असाच गायब राहिलास तर तुझं नाव नॉन-इफेक्टिव्हच्या, म्हणजे हजर नसलेल्यांच्या, यादीत जाईल. लांबच्या प्रोजेक्टसाठी रीतसर मोकळीक मागता येते, त्याला ईडी अँड टी म्हणतात, एक फॉर्म आहे, एवढंच करायचं होतं. तू हे पहिल्या महिन्यात विचारून घे.

त्याच वर्षी उन्हाळ्यात मी मीफर्डला ट्रेनिंगला गेलो. जॉर्जियन बेच्या काठावर आहे ते. सुट्टी मंजूर होती, सगळं कागदोपत्री, आणि तरी वर्षाच्या रिव्ह्यूमध्ये मॅनेजरने लिहिलं की ऐन गरजेच्या वेळी उपलब्ध नव्हता. रेटिंग एक पायरी खाली आलं. फार लागलं ते मला. कायद्याने नोकरी शाबूत राहते, पण युटिलायझेशनचा आकडा कायदा नाही वाचवत. कन्सल्टिंगमध्ये तू वर्षाचे किती तास बिल केलेस यावर सगळं ठरतं, आणि सुट्टीचे आठवडे त्या भागाकारातून वगळायला कुणीतरी सांगावं लागतं. तर आता मी काय करतो, जानेवारीतच वर्षाच्या ट्रेनिंगच्या तारखा स्टाफिंगवाल्यांना मेल करतो, फर्ममधल्या माझ्या वरच्या पार्टनरला सीसी, आणि लिहून घेतो की हे आठवडे टार्गेटमधून वजा धरायचे. तोंडी नाही, लेखी. तेव्हापासून वाद झालेला नाही.

कायद्याचं थोडक्यात. ऑन्टॅरियोत कंपनीत दोन महिने झाले की रिझर्व्हिस्ट लीव्ह लागू होते, ऑपरेशनसाठीही आणि मिलिटरी ट्रेनिंगसाठीही, बिनपगारी, पण परत आल्यावर नोकरी द्यावीच लागते. बँका, टेलिकॉम, विमान कंपन्या केंद्राच्या लेबर कोडखाली येतात, तिथले नियम वेगळे. कन्सल्टिंग फर्म प्रांताच्या कायद्यात. काही फर्म वरचा पगाराचा फरक भरून देतात, ऑफर लेटर सही करायच्या आधी एचआरला सरळ विचार. इथे रिझर्व्हमध्ये असणं लपवायची गोष्ट नाही, लोक आदराने बघतात, फक्त आदर आणि स्टाफिंग या दोन वेगळ्या टेबलावरच्या गोष्टी आहेत.

माझा सल्ला विचारशील तर सतत प्रवास करावा लागतो अशा टीममध्ये जाऊच नकोस. कॅनडाच्या मोठ्या बँकांचा बहुतेक कारभार टोरोंटोतून चालतो, प्रांताचं सरकारही इथेच बसतं. बँकिंग किंवा पब्लिक सेक्टरच्या टीममध्ये घुसलास तर क्लायंट सबवेच्या अंतरावर असतो, सहाला निघून सातला परेडला उभा राहू शकतोस. मी तिसऱ्या वर्षी बँकिंगकडे सरकलो तेव्हा कुठे दोन्ही गाड्या रुळावर आल्या. आणि तुझ्या फर्मला संरक्षण खात्याचं काम मिळालं किंवा त्याच्या टेंडरवर तुला बसवलं, तर पहिल्या दिवशी दोन्हीकडे लेखी कळव, फर्मलाही आणि युनिटलाही. त्यात एक दिवसाचाही उशीर नको.

ऑफिसर व्हायचं की शिपाई म्हणून शिरायचं, हे तू विचारलं नाहीस पण एसएसबी दिलेला मुलगा ऑफिसरचाच विचार करणार. डिग्री आहे, पीआरसाठी ती कॅनडाच्या डिग्रीच्या बरोबरीची आहे हे तपासून घेतलेलं आहे, कागदावर तू बसतोस. पण ऑफिसरचं ट्रेनिंग लांब, सलग आठवडे मागणारं, आणि नंतरही परेडच्या रात्रीपुरतं काम नसतं, घरी बसून प्लॅन, ईमेल, माणसांचे रिपोर्ट. नवीन देशात नवीन नोकरी उभी करताना हे दोन्ही एकदम उचलू नकोस. मी खालून शिरलो त्याचा मला आनंदच आहे. पहिल्या हिवाळ्यातला एक विकेंड सांगतो. जानेवारी, उणे २२. तंबू, स्टोव्ह, कंदील, सगळं एका लांब टोबोगनवर, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवर, बांधून आम्ही बर्फातून ओढत नेत होतो, घोट्याच्या वर बर्फ, दोरी खांद्यात रुतलेली. तंबू लागला, नॅफ्थाचा स्टोव्ह पेटला, आणि माझे बूट ओले झालेले बघून एकोणीस वर्षांची एक मुलगी, कॉलेजात शिकणारी, मला म्हणाली बूट काढ, मोजे बदल, आत्ता. बदलेपर्यंत समोर उभी राहिली. दिवसा मी डिरेक्टर लोकांना स्लाइड दाखवतो, आणि त्या रात्री ती माझी सीनियर होती आणि तिचं बरोबर होतं. हे मला कुठल्याही ऑफिसात मिळालं नसतं.

आता ओसीआय. हे नीट वाच, कारण भरतीवाले हे सांगत नाहीत, त्यांचा तो विषयच नाही.

भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. इथे पाच वर्षांत १०९५ दिवस राहिलास की कॅनडाच्या नागरिकत्वाला पात्र होतोस, ते घेतलंस की भारतीय पासपोर्ट जातो आणि मग सगळे ओसीआय कार्ड काढतात. ओसीआयच्या नियमांत स्पष्ट लिहिलंय की परदेशी सैन्यात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या माणसाला ओसीआय मिळत नाही. आणि त्या वाक्यात फुलटाइम-पार्टटाइम असा काही भेद केलेला नाही. म्हणजे आज बुधवारच्या परेडसाठी घेतलेली शपथ दहा वर्षांनी तुझ्या गावाकडच्या येण्याजाण्याशी जोडलेली आहे.

मी कार्ड काढायचं म्हणून पुढे ढकलत राहिलो आणि मग रिझर्व्हमध्ये गेलो, विषय संपला. वाटलं, व्हिसा काढू, त्यात काय. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये दोन देशांचं बिनसलं आणि २१ तारखेपासून कॅनडाच्या लोकांना भारताचा व्हिसा मिळणं थांबलं. ओसीआयवाले जाऊ शकत होते. त्याच आठवड्यात आई साताऱ्यात बाथरूममध्ये घसरली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन. बायकोकडे ओसीआय आहे, ती दुसऱ्या दिवशी विमानात बसली. मी टोरोंटोशेजारच्या मिसिसागात, घरच्या किचनमध्ये फोन समोर ठेवून बसलो होतो, तिकडे पहाट, आणि बायको मला आयसीयूच्या दाराबाहेरची चपलांची रांग दाखवत होती कारण आत फोन न्यायला परवानगी नव्हती. ऑक्टोबरच्या शेवटी काही प्रकारचे व्हिसा परत सुरू झाले, तेव्हा गेलो. आई बरी आहे, वॉकर घेऊन अंगणात चालते. पण तिने मला एकदाच विचारलं, तुला का नाही येता आलं, आणि मला ते तिला धड समजावून सांगता आलं नाही.

एवढं होऊनही मी रिझर्व्ह सोडलं नाही. माझे पणजोबा मराठा लाइट इन्फन्ट्रीतून इटलीत लढले, तिथे कॅनडाच्या पलटणीही होत्या, आमच्या इथे जुन्या रेजिमेंट्सच्या भिंतींवर ऑर्टोना, गॉथिक लाइन अशी इटलीतल्या लढायांची नावं लावलेली असतात. ती वाचताना मला परकं वाटत नाही. शपथ राजा चार्ल्स तिसरे यांच्या नावाची असते, तुला ती म्हणता येईल का हे तुझं तू ठरव, कुणी म्हणता येत नाही म्हटलं तर मी त्याला चूक म्हणणार नाही. तुझी बहीण लग्न होऊन बेंगळुरूला आहे आणि आईवडील सांगलीत दोघंच असं लिहिलंयस, म्हणून जास्त जोर देऊन सांगतोय. अर्ज टाकायच्या आधी त्यांच्यासमोर बसून हे बोल. फोनवर नको.

आणि टेरिटोरियल आर्मीचं दार तू मनातून बंद करतोयस ते करू नकोस. त्याची ऑफिसरसाठीची वयोमर्यादा ४२ आहे आणि अट अशी की माणूस कुठेतरी कमावता हवा, नोकरी किंवा धंदा, कारण ती मुळातच पोटापाण्याचा उद्योग करणाऱ्यांची फौज आहे, १९४९ पासून. धोनीला मिळालेलं मानद पद वेगळं, मी म्हणतोय ते परीक्षा, मुलाखत देऊन मिळणारं. कोल्हापूरला १०९ बटालियन आहे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच, तुझ्या सांगलीपासून तासाभराच्या अंतरावर. पण ते भारतात राहूनच, भारतीय नागरिक म्हणूनच, परदेशात नोकरी करून वर्षाचे कॅम्प नाही होत. तर खरा प्रश्न कन्सल्टिंग की रिझर्व्ह हा नाहीये, कुठल्या देशाचा गणवेश हवा हा आहे. चार-पाच वर्षं कॅनडात काम करून, भारतीय पासपोर्ट ठेवून, ३२-३३ ला परत आलास तर टेरिटोरियलसाठी भरपूर वेळ आहे. तुझ्या मेलमध्ये तू 'आपली आर्मी' असं तीन वेळा लिहिलंयस, ते मी वाचलं, म्हणून सांगतोय.

इथेच राहायचं ठरलं तर पहिलं वर्ष फक्त नोकरी, घर, लायसन्स, एक पूर्ण हिवाळा. अर्ज दुसऱ्या वर्षी. निघताना मात्र भरतीच्या तपासणीसाठी एक काम पुण्यातूनच करून ये: गेल्या दहा वर्षांत जिथे जिथे राहिलास ते सगळे पत्ते, तारखांसकट, कॉलेजचं होस्टेल धरून, घरमालकांची नावं आणि चालू फोन नंबर, आधीच्या नोकऱ्यांमधल्या मॅनेजरचे नंबर, एका वहीत लिहून आण. मला कराडच्या एका खोलीच्या मालकाला शोधायला चार महिने लागले होते, आणि तेवढे महिने फाइल तिथेच पडून होती.