गणित कच्चं की वाक्य निसटतं?

"मॅडम, नुसती बेरीज-वजाबाकी दिली तर पटापट करते. दिवाळीची गणितं आली की सगळी चुकतात. गणितात कच्चीच आहे का ही?"

भांडुपहून आलेल्या या आईची मुलगी दुसरीत, मराठी माध्यमाच्या शाळेत. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) सहामाही परीक्षेच्या सुमारास असे पालक येतातच. आई फोर्टला नोकरीला. घरी पोचायला आठ वाजतात, मग जेवण, आणि पेंगणाऱ्या मुलीसमोर वर्कशीट. रोज रडारड.

तिने पिशवीतून कागद काढले. कडेला कंदिलांची नक्षी, कोपऱ्यात पणती, मधे शाब्दिक उदाहरणं. मागच्या बाजूला फराळाच्या पदार्थांचं लिंग ओळखा, वचन बदला. बाईंनी मेहनत घेतलेली दिसत होती. दोन्ही बाजूंना लाल पेन मात्र भरपूर फिरलं होतं.

आईला पहिला संशय संख्यावाचनाचा होता. 'सत्तावीस' म्हणताना सात आधी येतो आणि मुलं ७२ लिहून बसतात, हे खरंच होतं. दुसरीच्या पुस्तकात २०१९ साली 'वीस सात' असं वाचन आलं तेव्हा त्यावरून केवढा वाद झाला होता, आठवत असेल. पण मी सांगितलेल्या संख्या या मुलीने न अडखळता लिहिल्या. हातच्याची बेरीजही जमली. म्हणजे अडचण तिथे नव्हती.

मग मी तिला वर्कशीटवरचं एक उदाहरण मोठ्याने वाचायला सांगितलं. 'ताईकडे १२ चकल्या आहेत. ताईकडे दादापेक्षा ४ चकल्या जास्त आहेत. दादाकडे किती?' वाचन स्वच्छ. उत्तर १६. कसं काढलंस, विचारल्यावर म्हणाली, "जास्त आहे ना, मग बेरीज." पुढचं: 'आईने काकूंना ९ करंज्या दिल्या. डब्यात १५ उरल्या. आधी किती होत्या?' उत्तर ६, कारण "दिल्या म्हणजे वजाबाकी."

ती वाक्य वाचत नव्हती, त्यातला एक शब्द शोधत होती. 'एकूण' दिसलं की बेरीज, 'उरले' दिसलं की वजाबाकी, ही युक्ती क्लासमध्ये आणि घरीही शिकवली जाते, आणि पहिलीत ती चालूनही जाते. दुसरीत गणित 'ने', 'ला', 'कडे', 'पेक्षा' यांत शिरतं. कोणी कोणाला दिलं हे कळल्याशिवाय बेरीज की वजाबाकी हे ठरत नाही. कागदाच्या एका बाजूला गणित आणि दुसऱ्या बाजूला व्याकरण छापलं होतं, पण तिची चूक दोन्हीकडे एकच होती.

मागच्या बाजूला तिने 'लाडू'चं अनेकवचन 'लाड्या' लिहिलं होतं. करंजी-करंज्या, चकली-चकल्या, पणती-पणत्या लिहिता लिहिता हात तसाच पुढे गेला असणार. मी विचारलं, "काल लाडू किती खाल्लेस?" "दोन खाल्ले." आणि करंजी? "एकच खाल्ली." म्हणजे बोलण्यात लिंग, वचन, क्रियापद सगळं चोख. ही भाषा कागदावर आली की तिला परकी वाटते, एवढंच.

आईला मी दोन गोष्टी सांगितल्या. रात्री नऊनंतर वर्कशीट बंद. आणि गणितं मुलीने घालायची, आजीने सोडवायची. स्वतः उदाहरण रचताना 'आजीने मला दिले' की 'मी आजीला दिले' हे ठरवावंच लागतं, तिथे शब्द हेरून भागत नाही. आजी हुशार निघाल्या, मुद्दाम चुकायच्या. धारावीच्या कुंभारवाड्यातून चार डझन पणत्या आणल्या होत्या, त्यांतल्या तीन फुटल्या. नातीने विचारलं, किती उरल्या? आजी म्हणाल्या, एक्कावन्न. नात चिडून म्हणाली, "फुटल्यावर वाढतात का गं?" आईने हे मला फोनवर हसत हसत सांगितलं. गणितं लावणारी मुलगी घरातच होती.

आईच्या संमतीने वर्गशिक्षिकांशीही बोलले. त्यांची चिंता वेगळी होती: "सणांचे उपक्रम घेतले की पालक म्हणतात, खेळच चाललाय, अभ्यास कधी?" माझं मत मी सरळ सांगितलं. कडेला कंदील छापला म्हणून गणित सणाचं होत नाही. उत्तराप्रमाणे पणतीत रंग भरायचा असेल, तर पणतीच्या जागी बेडूक काढला तरी काही बिघडत नाही. ठिपक्यांच्या रांगोळीचं तसं नाही. '५ ते ३' म्हणजे ३, ४, ५, ४, ३ अशा ओळी, एकूण १९ ठिपके. एक ठिपका चुकला तर फूल जुळत नाही, आणि चूक दाखवायला बाईंची गरज पडत नाही.

बाईंनी आधी अभिनय घेतला. संख्या त्याच, वाक्यं तीन: 'आईने काकूंना ८ करंज्या दिल्या', 'काकूंनी आईला ८ करंज्या दिल्या', 'आईकडे काकूंपेक्षा ८ करंज्या जास्त आहेत'. मुलांनी खडूचे तुकडे देऊन-घेऊन दाखवायचं, पाटीला हात नंतर. तिसऱ्या वाक्याशी वर्ग अडला, कारण तिथे कोणी कोणाला काहीच देत नाही. मग दोघींचे खडू समोरासमोर ओळीत लावले, तेव्हा जास्तीचे आठ दिसले.

पुढे प्रत्येकाने आपल्या घरच्या सणाचं उदाहरण रचलं. मुंबईच्या वर्गात हे करायलाच हवं. सगळ्यांच्या घरी करंज्या तळत नाहीत. कोणी ईदच्या शीरखुर्म्याच्या वाट्या मोजल्या, कोणी नाताळचे कुलकुल. 'तो कुलकुल' की 'ते कुलकुल' यावर वर्गात बरीच वादावादी झाली म्हणे. बाईंनी निकाल दिला नाही. मला ते फार आवडलं.

आईचा शेवटचा प्रश्न: "म्हणजे लर्निंग डिसॅबिलिटी नाही ना?" एवढ्यावरून आहे किंवा नाही असं सांगता येत नाही, आणि दुसरीत घाईही नको. तिसरीतही अंक उलटे पडत असतील, छोट्या बेरजेलाही बोटं सुटत नसतील, वाचन रखडत असेल, तर तपासणी जरूर करावी. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात त्यासाठी स्वतंत्र क्लिनिक आहे. या मुलीत आज तरी मला तसं काही दिसलं नाही. 'पेक्षा' अजून चुकतो. अशा वेळी ती चकल्यांची दोन ओळींत चित्रं काढते आणि मग उत्तर लिहिते. परीक्षेत त्याला वेळ लागतो, म्हणून बाईंनी तिला पेपरच्या समासात चित्र काढायची मुभा दिली आहे.