वरच्या दाढेच्या जागी सायनसखाली 5 मिमीच हाड उरलंय, छोटं इम्प्लांट चावण्याचा जोर पेलेल का?

मी प्रोस्थोडॉन्टिस्ट (कॅप, कवळी, इम्प्लांटवरचे दात बसवणारी डॉक्टर) आहे आणि पीजीला माझा थिसिस ह्यावरच होता, कॉम्प्युटरवर जबड्याचं मॉडेल करून इम्प्लांटभोवती, म्हणजे हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाभोवती, ताण कुठे किती येतो ते बघायचं, त्यामुळे तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही. तुमचे एक डॉक्टर सायनस लिफ्ट (वरच्या दाढांवरच्या हवेच्या पोकळीचा, म्हणजे सायनसचा, तळ उचलून खाली हाड भरणं) करून 10 मिमी लांबीचं टाकू म्हणतात, दुसरे 6 मिमीचं चालेल म्हणतात, आणि तुम्हाला वाटतंय जितकं लांब तितकं पक्कं. तसं नाहीये.

गोठ्यातला खुंटा बघा, गुराने ओढ दिली की माती सुटते ती खुंट्याच्या तोंडाशी, आतल्या टोकाला नाही. इम्प्लांटचंही तेच, सगळ्यात जास्त ताण मानेपाशी, हिरडीलगतच्या कडक हाडात येतो, म्हणून लांबी वाढवून तिथे फार फरक पडत नाही, जाडी वाढवली तर पडतो. खऱ्या दाताभोवती साधारण 0.2 मिमीची लवचिक गादी असते ती धक्का पचवते, इम्प्लांट थेट हाडालाच जुळतं, ती सोय नाही. त्यात वरच्या दाढांपाशीचं हाड जबड्यातलं सगळ्यात जाळीदार, ड्रिल करताना हाताला थर्माकोलसारखं लागतं. दाढ काढून वर्षं लोटली की सायनस खाली उतरतो आणि हाड हिरडीकडूनही झिजतं, मग कॅप उंच करावी लागते, आणि कॅप उंच झाली की आडव्या जोराला तरफेचा दांडा लांब मिळतो.

हाडाला खरं छळतो तो हा आडवा जोर. म्हणून कॅप अरुंद, वरचे उंचवटे बसके, चावणं बरोबर इम्प्लांटच्या मध्यावर. दोन दाढा नसतील तर दोन इम्प्लांट घालून कॅप जोडून घ्या. माझ्याच एका पेशंटचा कॅप धरणारा स्क्रू दोनदा सैल झाला, दोष लांबीचा नव्हता, ते झोपेत दात खायचे आणि मी आधी विचारलं नव्हतं, आता पहिल्या भेटीतच विचारते.

तुमच्या 5 मिमीत, रुंदी पुरेशी असेल तर, मी 6 मिमी लांबीचं पण जाड इम्प्लांट घेईन आणि त्याच भोकातून सायनसचा तळ किंचित उचलेन, म्हणजे टोकालाही तळाच्या कडक थराचा आधार मिळतो. हाड 2-3 मिमीच असतं तर बाजूने खिडकी पाडून मोठी लिफ्ट करा म्हटलं असतं. पण लिफ्टने भरलेलं हाड महिनोन्‌महिने मऊ असतं, तोवर ओझं जुन्या हाडावरच, हे तुम्हाला कुणी सांगितलेलं दिसत नाही. आणि लगेच कॅप बसवायची घाई नकोच, इम्प्लांट हाडात जुळून येण्याच्या काळात साधारण 150 मायक्रॉनपेक्षा जास्त हललं तर भोवती हाडाऐवजी तंतूंचा पापुद्रा धरतो, मग ते कायमचं सैल.

सीबीसीटीत (जबड्याच्या 3D स्कॅनमध्ये) हाडाची रुंदी किती आली ते लिहा, तुम्ही फक्त उंची दिलीये आणि माझं निम्मं उत्तर त्या आकड्यावर अडलंय.