वाशीतल्या आमच्या सोसायटीचा पुनर्विकास होतोय. बांधकाम पर्यावरणपूरक व्हावं म्हणून स्ट्रक्चरल इंजिनिअर काय करू शकतो?

सर्वांत जास्त फरक पडतो तो काँक्रीट कमी वापरल्याने आणि सिमेंटमधलं क्लिंकर (चुनखडी भट्टीत भाजून बनणारा सिमेंटचा मुख्य घटक) घटवल्याने. एक टन क्लिंकर बनताना साधारण ०.८ ते ०.९ टन कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. त्यातला निम्म्याहून जास्त चुनखडी भाजताना दगडातूनच निघतो, म्हणजे भट्टीचं इंधन बदललं तरी तो राहतोच. आयएस ४५५ या भारतीय मानकाप्रमाणे पोर्टलँड स्लॅग सिमेंटमध्ये, क्लिंकरच्या जागी, लोखंडाच्या भट्टीतून निघणाऱ्या स्लॅगचं प्रमाण २५ ते ७० टक्के असू शकतं. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत तर ते घ्यावंच, कारण हवेतल्या मिठाचे क्लोराइड, जे सळई गंजवतात, सळईपर्यंत उशिरा पोचतात आणि इमारत जास्त टिकते.

आर्किटेक्टचा प्लॅन कच्चा असतानाच आरसीसी कन्सल्टंटला (म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरला) सोबत बसवा. पार्किंगचे आणि वरच्या फ्लॅटचे कॉलम एका रेषेत आले तर पोडियमवरचे (पार्किंगच्या मजल्यांच्या छतावरचे) जाडजूड ट्रान्सफर गर्डर, म्हणजे वरच्या कॉलमचा भार खालच्या कॉलमवर वळवणारे बीम, टळतात. मी आरसीसी डिझाइनचंच काम करतो आणि मला ही बचत सर्वांत मोलाची वाटते. सिमेंट आणि स्टील दोन्ही वाचतं.

एक मात्र आहे: स्लॅगचं काँक्रीट ताकद हळू धरतं. क्युरिंगचे (काँक्रीट ओलं ठेवण्याचे) जादा दिवस आणि उशिरा निघणारं सेंटरिंग (काँक्रीटखालचा तात्पुरता आधार) बिल्डरच्या वेळापत्रकात आधीच लिहून घ्या.