पोहे टेबलावर, बर्गर दारात

प्रश्न : मुलगा बारावीला आहे, दिवसभर अमेरिकन सिरीज पाहून राहिला. रविवारी तर्री पोहे केले, त्यावर शेवसुद्धा टाकली, तर यानं बर्गर मागवला! सगळ्या जगात असंच आहे का? – एक आई, धरमपेठ, नागपूर

उत्तर : ताई, जीव दुखतो, समजतं मला. पण ही काळजी फक्त आपली नाही हो. फ्रान्सनं तर १९९४ मध्ये कायदाच केला की रेडिओवरची निदान ४० टक्के गाणी फ्रेंच पाहिजेत, इतकी धास्ती होती त्यांना इंग्रजी गाण्यांची. कॅनडा तर अमेरिकेच्या शेजारीच, त्यांच्याकडेही असे नियम आहेत. कोरियात थिएटरवाल्यांना वर्षाचे १४६ दिवस कोरियन सिनेमा लावावा लागायचा, अमेरिकेशी व्यापार कराराची बोलणी होती तेव्हा २००६ मध्ये ते ७३ वर आणले, सिनेमावाले रस्त्यावर उतरले होते तेव्हा, आणि आज बघा, त्याच कोरियाच्या सिरीज अमेरिकेत धो धो चालतात. आणि मॅकडोनाल्ड्स १९९६ मध्ये भारतात आलं ना, तेव्हा त्यांना बीफ बाजूला ठेवावं लागलं, मग आलू टिक्की आली. पोराला हे सांगा, पोहे गरम करून समोर ठेवा, अन् त्याच्यासोबत बसून एखादी सिरीज तुम्हीही पाहा.